चौपाटीसमोरचे शत्रू

विशाखापट्टणमला सहलीला जाणारी कुटुंबं साधारण ठरलेल्या क्रमानं फिरतात. अरकूची दरी, बोरा गुहा, कैलासगिरी आणि एक संध्याकाळ रामकृष्ण बीचवर. या बीचवर 'कुरसुरा' ही आपल्या नौदलाची पाणबुडी आणून ठेवली आहे. १९६९ साली सेवेत आलेली, २००१ साली निवृत्त झालेली आणि २००२पासून तिकीट काढून आतून पाहता येणारी. समोर टीयू-१४२ हे टेहळणी विमान, जवळच १९७१च्या विजयाचं स्मारक. आजूबाजूला भाजलेली कणसं, फुगे, सेल्फी. आम्हीही गेलो, मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी.

युद्धाच्या जागी मजा करायला जावं का, हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. सिंहगडावर आपण पिठलं-भाकरी खातो, वर मडक्यातलं दही खातो, आणि त्यानं तानाजीचा अपमान होतो असं कुणी म्हणत नाही. स्मारकाला जिवंत माणसांची वर्दळ हवीच. कुलूप लावून ठेवलेलं स्मारक लवकर मरतं. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. अशा ठिकाणी आपण कुणाकुणाचं स्मरण करतो, आणि कुणाचं करायला नकार देतो?

'कुरसुरा' आतून पाहिली की हा प्रश्न टाळता येत नाही. जेमतेम नव्वद मीटर लांबीच्या त्या नळकांड्यात पंचाहत्तर माणसं राहायची. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक, त्यातून आधी पाय की आधी डोकं याचा विचार करावा लागतो. झोपायच्या फळ्या अशा की कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं. पुढे टॉर्पेडोच्या सहा नळ्या, मागे चार. आतली माहिती नौदलातून निवृत्त झालेली माणसं देतात. आमच्या गटाबरोबर असलेल्या काकांनी 'गाझी'ची गोष्ट रंगवून सांगितली. ती तशी रंगतेच.

थोडक्यात ती अशी. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी १९७१च्या नोव्हेंबरमध्ये कराचीहून निघाली, सगळा भारत वळसा घालून बंगालच्या उपसागरात आली. तिला 'विक्रांत' हवी होती. विक्रांत अंदमानकडे हलवलेली, आणि विशाखापट्टणमजवळ शत्रूला चकवण्यासाठी 'राजपूत' ही विनाशिका. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री बंदराबाहेर 'गाझी' बुडाली. आपलं म्हणणं, राजपूतच्या माऱ्यानं. पाकिस्तानचं म्हणणं, अपघाती स्फोटानं. तिच्यावर नव्वदहून अधिक माणसं होती.

गोष्ट संपल्यावर मुलीनं काकांना विचारलं, त्यातलं कुणी वाचलं का? काका म्हणाले, कुणीच नाही. मग त्यांनी शेजारच्या गोल दाराच्या कडेवर हात ठेवला आणि क्षणभर काही बोलले नाहीत. गटातल्या एकानं टाळ्या वाजवायला हात उचलले होते, ते खाली घेतले.

पाणबुडीत बसलेल्या माणसाला पाणबुडीतल्या मरणाचा अर्थ कळतो, झेंडा कुठलाही असो. आपल्यासारख्या पर्यटकांना तो कळायला त्या नळकांड्यात अर्धा तास काढावा लागतो. हीच या संग्रहालयाची खरी ताकद आहे. 'गाझी'चा आकार, तिची अरुंद वाट, तिच्यातली डिझेलची हवा आपण आपल्या पाणबुडीतच अनुभवतो.

इथे हटकून एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. माझ्या नवऱ्यानं तो त्याच रात्री हॉटेलवर घेतला. 'खुकरी'वरच्या एखाद्या नौसैनिकाच्या बायकोसमोर हे बोलशील का, असं त्यानं विचारलं. ९ डिसेंबर १९७१ला दीवजवळ 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजाबरोबर गेले. दीवला समुद्राकडे तोंड करून तिचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती. तिथे उभं राहून 'सगळे सारखेच' म्हणणं मलाही जमणार नाही, आणि ते खरंही नाही. १९७१चं युद्ध दोन सारख्या बाजूंचं नव्हतं. पूर्व पाकिस्तानात त्या वर्षी माणसांची जी कत्तल झाली, जे निर्वासित लाखोंनी सीमा ओलांडून आले, त्याचा हिशेब कुठल्याही हळवेपणात बुडवता कामा नये.

पण 'खुकरी' बुडवणारी पाणबुडी 'हंगोर' आज कुठे आहे? कराचीच्या सागरी संग्रहालयात. तिथेही सुट्टीत मुलं येतात आणि ती पाणबुडी पाहतात. तिथलाही कुणी काका दीवजवळच्या रात्रीची गोष्ट रंगवून सांगत असेल. ते चित्र डोळ्यांसमोर आणलं की मला राग येतो. त्या १९४ माणसांच्या मरणावर तिथे कुणी टाळ्या वाजवू नयेत, निदान क्षणभर गप्प राहावं, असं वाटतं. ही अपेक्षा मी कराचीतल्या अनोळखी माणसाकडून करणार असेन, तर विशाखापट्टणमच्या वाळूवर मला ती स्वतःलाही लावावी लागते. यात तुल्यबळ अन्यायाचा दावा नाही. माणूस कशासाठी लढला याचा निवाडा एक, आणि तो कसा मेला याची दखल दुसरी. पहिला कडक ठेवून दुसरी घेता येते.

हे पूर्वी झालेलं आहे. ११ एप्रिल १९४५ला ओकिनावाजवळ एका जपानी आत्मघाती वैमानिकानं अमेरिकेच्या 'मिसूरी' या युद्धनौकेवर विमान आदळवलं. कप्तान विल्यम कॅलहन यांनी दुसऱ्या दिवशी त्याच्या देहाला लष्करी सन्मानानं समुद्रात निरोप द्यायचा हुकूम केला. खलाशांनी रात्रीतून जपानी झेंडा शिवला. सगळ्यांना हा हुकूम आवडला नव्हता, आणि युद्ध अजून चालूच होतं. तीच 'मिसूरी' आज पर्ल हार्बरला संग्रहालय म्हणून उभी आहे, ११७७ मृतांच्या 'ॲरिझोना' स्मारकापासून जवळच.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. सिंहगडावर तानाजीच्या जोडीला उदेभान राठोडचीही खूण आहे, एक चौकोनी दगड. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर आहे. त्यानं ना तानाजी लहान झाला, ना शिवाजी महाराज. उलट विजयाला वजन आलं.

विक्रांतचा शेवट मात्र या सगळ्यात विचित्र आहे. मुंबईत बरीच वर्षं तिच्यावर शाळांच्या सहली जात. मीही गेले आहे. २०१४मध्ये ती मोडीत निघाली, तिच्या पोलादाचा काही भाग एका मोटरसायकलसाठीही वापरला गेला. जिला शोधत 'गाझी' आली ती नौका उरली नाही. शोधायला आलेली अजून तिथेच आहे, तिच्या माणसांसकट. २०२४च्या फेब्रुवारीत बातमी आली की आपल्या नौदलानं खोल पाण्यातल्या बचावयानानं तिचा ठावठिकाणा पाहिला, पण मृतांच्या आदरापोटी अवशेषांना हात लावला नाही. समुद्राखाली नौदल जे पाळतं ते वर वाळूवर, तिकीट खिडकीजवळ का नको?

एक साधी पाटी पुरेल. इंग्रजी, तेलुगू, हिंदी. अमुक रात्री या समुद्रात इतकी माणसं बुडाली, ती आमच्यावर हल्ला करायला आली होती. शेवटचं वाक्य गाळायचं नाही, त्याशिवाय पाटी खोटी होईल. नवरा म्हणतो, अशी पाटी लावली तर पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्यावर काळं फासेल. फासेलही. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली त्यावर त्यांची नावंपण लिहा.