खेळपट्टीचा विटाळ

क्रिकेट हा आपला धर्म आणि सचिन तेंडुलकर त्याचा देव, हे आपण इतक्यांदा म्हणतो की पुढचा विचार तिथेच थांबतो. नवस, उपास, सचिन खेळत असेपर्यंत जागेवरून न उठण्याची घरोघरची ताकीद, हे सगळं खरंच घडलेलं आहे. पण गिरगावातून पाहिलं तर या साम्याचं मूळ देवापेक्षा गर्दीत अधिक दिसतं.

1893 साली इथल्याच केशवजी नाईक चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला. देव्हाऱ्यातला देव चौकात आला आणि पूजेइतकंच मोल एकत्र जमण्याला आलं. अनंत चतुर्दशीला चौपाटीवर कुणीतरी 'गणपती बाप्पा' म्हणतो आणि ज्याला आपण कधी पाहिलेलं नाही असा शेजारचा माणूस 'मोरया' म्हणतो. 4 जुलै 2024 ला टी-ट्वेंटी विश्वचषक घेऊन संघ आला तेव्हा त्याच समुद्राकाठी, मरीन ड्राइव्हवर, तशीच गर्दी लोटली होती. एमिल द्युर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1912 साली मांडलं होतं की जमलेल्या समूहाला जो उमाळा येतो त्यातच धर्माचा उगम आहे. ज्या चिन्हापुढे माणसं मान झुकवतात, त्या चिन्हात ती आपल्या समूहालाच पाहत असतात. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या कुलचिन्हांवरून त्याने हे लिहिलं. निळ्या जर्सीलाही ते जसंच्या तसं लागू पडतं.

त्याच 1912 साली मुंबईच्या क्रिकेट स्पर्धेत मुस्लिम संघ आला आणि युरोपियन, पारशी, हिंदू यांची तिरंगी स्पर्धा चौरंगी झाली. 1937 मध्ये 'इतरां'चा संघ येऊन ती पंचरंगी झाली. म्हणजे या शहरात धर्म आणि खेळ यांची तुलना करायची वेळ फार उशिरा आली. आधी धर्मच संघ करून खेळत होते. मरीन ड्राइव्हवरून चालताना हिंदू, इस्लाम, पारशी, कॅथलिक या जिमखान्यांच्या पाट्या आजही दिसतात.

या स्पर्धांच्या इतिहासातला एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो: बाळू पालवणकर. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज हिंदूंचा हुकमी एक्का होता. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. पण पुण्यात खेळत असताना मैदानावर त्यांच्या हातातला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालायचा, चहा मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. 1920 मध्ये त्यांना डावलल्यावर विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ संघाबाहेर राहिले, त्यावरून गावभर वाद झाला. 1923 ला विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला तो त्यानंतर सात वर्षांनी. मैदानाचं दार देवळाआधी उघडलं, ही या खेळाची थोरवी मी मनापासून मानतो. ते उघडायला त्या कुटुंबाची उमेदीची वर्षं गेली, हेही विसरता येत नाही.

कारण जिथे पावित्र्य येतं तिथे विटाळही येतो. 16 नोव्हेंबर 2013 ला निवृत्त होताना सचिन वानखेडेच्या खेळपट्टीपाशी परत गेला, वाकून तिला हात लावला, आणि टीव्हीसमोर बसलेल्या असंख्य माणसांचे डोळे भरून आले. 1991 साली पाकिस्तानचा संघ येणार म्हणून शिवसैनिकांनी त्याच मैदानाची खेळपट्टी उखडली होती. या दोन कृत्यांना मी एका मापाने तोलत नाही. पहिल्यात कृतज्ञता होती, दुसऱ्यात द्वेष. पण ती माती नुसती माती नाही, हे दोन्हीकडे गृहीत होतं. कुणाच्या पावलाने ती बाटते असं ज्यांना वाटलं, त्यांनी धर्मातलं नेमकं तेच उचललं ज्याच्यापायी बाळूंचा चहा बाहेर ठेवला गेला होता.

आणि इथेच खेळ धर्माहून वेगळा होतो. आरतीला समोर विरोधक लागत नाही. एका घरचा गणपतीही पुरतो. सामन्याला मात्र दुसरा संघ लागतोच, आणि तो चांगला असावा लागतो. चाहत्याने श्रद्धा जरूर ठेवावी, पण त्याच्या श्रद्धेत प्रतिस्पर्ध्याला जागा असायलाच हवी, नाहीतर तो चाहता कशाचा?

पंचरंगी सामने बंद करावेत असं गांधीजींनी 1940 मध्ये सांगितलं आणि 1946 नंतर ते झाले नाहीत. धर्मांच्या नावाने संघ असणं गेलं ते योग्यच झालं. तरी त्यातला एक सामना जपून ठेवावासा वाटतो. 1943 सालच्या अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंट यांनी नाबाद 250 धावा केल्या. 'इतरां'कडून खेळणारे सांगलीचे ख्रिस्ती मराठी विजय हजारे यांनी संघाच्या 387 पैकी 309 एकट्याने काढल्या. भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला तग धरून उभे होते. हजारेंचा संघ हरला. पण हिंदूंच्या त्या विजयाची आठवण काढायची तर आजही आधी हजारेंचं नाव घ्यावं लागतं.