मूर्तीच्या ठेवणीला नाव देताना

विठ्ठलाचे दोन्ही हात कमरेवर असतात, तिरुपतीच्या वेंकटेशाचा फक्त डावा. छायाचित्रसंग्रहात पहिल्या चित्राला 'विठ्ठल' आणि दुसऱ्याला 'वरदमुद्रा' एवढाच टॅग लावला, तर कमरेवर हात ठेवलेल्या मूर्ती शोधणाऱ्या अभ्यासकाला या दोन्ही कधीच शेजारी दिसणार नाहीत. एकीत देवाची ओळख नोंदली गेली, दुसरीत उजव्या हाताचा अर्थ. शरीर काय करते आहे, हे दोन्हीकडे राहूनच गेले. माझे म्हणणे असे की, टॅगने आधी ठेवण सांगावी आणि तीही अवयवागणिक वेगळी: पाय कसे, कंबर कशी, हात कुठे. देव कोण आणि मुद्रेचा अर्थ काय, याला स्वतंत्र रकाना द्यावा.

यावर मूर्तिशास्त्राचे जाणकार म्हणतील, नावे तयार आहेत, ती वापरा. 'पद्मासन', 'त्रिभंग' यांच्याबाबत ते खरेही आहे. ही नावे सर्वांना एकाच अर्थाने ठाऊक आहेत, ती बदलण्याचे कारण नाही. पण 'आलीढ' घ्या. पुढचा पाय गुडघ्यात वाकवून मागचा ताणलेला, ही धनुर्धराची ठेवण. त्यात उजवा पाय वाकलेला की ताणलेला? गोपीनाथ रावांच्या हिंदू मूर्तिशास्त्रावरील ग्रंथात एक उत्तर मिळते, बौद्ध मूर्तींवरच्या लेखनात नेमके उलटे. पायांची याच्या उलट ठेवण म्हणजे 'प्रत्यालीढ', तेही मग आपोआप उलटते. दोघांनी आपापल्या पुस्तकाप्रमाणे टॅग लावले, तर दोघेही बरोबर असतील आणि संग्रह मात्र निरुपयोगी होईल. 'वीरासना'चेही तेच. हठयोगप्रदीपिकेत एक पाऊल दुसऱ्या मांडीवर येते; पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी शिकवलेल्या वीरासनात गुडघे जवळ आणि पावले नितंबांच्या दोन्ही बाजूंना असतात. अशा ठिकाणी 'उजवा गुडघा वाकलेला, डावा पाय ताणलेला' हाच मुख्य टॅग हवा आणि शास्त्रीय नाव ग्रंथाच्या उल्लेखासह पर्यायी म्हणून जोडावे.

'आभंग'ची अडचण खास आपली आहे. शरीराला किंचित बाक असलेली ही ठेवण रोमन लिपीतून परत देवनागरीत येताना 'अभंग' होते आणि शोधात तुकोबा-नामदेवांच्या हस्तलिखितांची पाने समोर येतात.

उजवे-डावे ठरवताना तर नियम लिहूनच ठेवायला हवा: बाजू मूर्तीची, पाहणाऱ्याची नव्हे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध उजव्या कुशीवर पहुडला आहे, त्यामुळे समोरून पाहताना त्याचे मस्तक आपल्या डावीकडे येते. जुनी काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून स्कॅन झाली, तर ते उजवीकडे जाते. 'उजव्या कुशीवर' हा टॅग आधीच लावलेला असेल, तर चूक लगेच पकडता येते. 'शयनमूर्ती' एवढेच लिहिले असेल, तर उलटे चित्र पुस्तकात छापलेही जाते. याच लेण्यातल्या स्तूपावर पाय खाली सोडून बसलेला बुद्ध आहे. जुन्या लेखनात या बैठकीला युरोपीय पद्धतीची बैठक म्हटलेले आढळते. ते टॅगमध्ये मुळीच येऊ नये; 'दोन्ही पाय खाली सोडून' म्हटले की पुरते, सोबत 'प्रलंबपादासन' असावे.

कलाकृतींच्या विषयांसाठीच्या आयकॉनक्लास या वर्गीकरणात प्रत्येक विषयाला अक्षर-अंकांचा संकेत असतो आणि शब्द कोणत्याही भाषेतले चालतात. आपल्या संग्रहांनी हे जरूर उचलावे. तरीही मराठी शब्द कोणीतरी ठरवावेच लागतील आणि ते आपल्याकडे भरपूर आहेत: उताणा, पालथा, उकिडवा, मांडी घातलेला, फतकल मारलेला, ओणवा, रेललेला.

या शब्दांची सर्वांत मोठी गरज वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांना, आहे. महाराष्ट्रात ते गावोगावी, बऱ्याचदा देवळाच्या आवारात उघड्यावर उभे असतात. त्यांतल्या अनेकांवर तळाच्या चौकटीत पडलेला वीर, त्यावर लढाई, मग अप्सरा त्याला वर नेताना आणि शेवटी शिवलिंगाची पूजा असे टप्पे दिसतात. देवांच्या आसनांची नावे शास्त्राने ठरवली. मरून पडलेल्या शिपायाची ठेवण त्या यादीत बसत नाही. म्हणून त्याच्या छायाचित्राला बहुधा 'वीरगळ' एवढाच टॅग मिळतो. कोणत्या भागात वीर उताणा कोरला, कुठे कुशीवर, हात छातीवर की पसरलेले, हे विचारणाऱ्याला आज एकेक चित्र उघडून पाहावे लागते.