पुसण्याचा अधिकार

पेडणे महालातील जत्रेत रात्री उशिरा दशावताराचा खेळ उभा राहतो, तेव्हा काळ्या वेषातील शंकासुर येतो आणि ब्रह्मदेवाचे वेद पळवितो. प्रेक्षक हसतात; कारण विष्णू ते परत आणणार हे लहान मुलांसही ठाऊक असते. ही खात्री नसती तर तो प्रसंग हसण्याजोगा राहिला असता काय? एके ठिकाणी नाहीशी झालेली वस्तू अन्यत्र शाबूत आहे असे समजले की तिच्या जाण्याचे आपणांस दुःख होत नाही. मात्र हा विचार माझ्या मनात आला तो जत्रेत नव्हे. एका जपानी खेळण्याविषयी वाचताना आला.

क्योतो येथील निन्टेन्डो ही मूळची पत्ते तयार करणारी, १८८९ साली निघालेली कंपनी. तिने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ हे दूरदर्शन संचास जोडून खेळावयाचे यंत्र विक्रीस आणले. त्याच्या नकला पुढे आपल्याकडेही ‘टीव्ही गेम’ म्हणून आल्या व मुलांच्या अभ्यासाच्या मुळावर उठल्या, हे पालकांस स्मरत असेल. या यंत्राचा खेळ कार्ट्रिजमध्ये बंद असे. कार्ट्रिज म्हणजे एक प्रकारचा शिलालेखच. एकदा कोरला तो कोरला. २१ फेब्रुवारी १९८६ रोजी कंपनीने या यंत्राला १५,००० येन किमतीची एक जोडपेटी दिली. ती जपानबाहेर तिने कधी विकली नाही. तिच्यात तळहाताएवढी चुंबकीय तबकडी, म्हणजे फ्लॉपी, बसे. दोन्ही बाजू मिळून तिच्यात सुमारे ११२ किलोबाइट मजकूर मावे, आणि तो पुसून पुन्हा लिहिता येई. दुकानादुकानांतून ‘डिस्क रायटर’ नावाची यंत्रे ठेवलेली असत. मुलाने आपली तबकडी न्यावी, ५०० येन मोजावेत, जुना खेळ पुसवावा आणि नवा उतरवून घ्यावा, असा हा व्यवहार.

जुने पुसून त्याच जागी नवे लिहिणे यात काही गैर आहे काय? वरवर पाहता मुळीच नाही. आपली सारी संस्कृती पुसण्यावरच उभी आहे. पूर्वी मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत व हाताने पुसून टाकीत. अंगणातील रांगोळी दुसऱ्या सकाळी उरत नाही. चवथीची मूर्ती आपण स्वतःच पाण्यात सोडतो. दशावतारी नटाचे संवाद तर कोणी लिहिलेलेच नसतात. आख्यान तेवढे ठरते, आणि रात्रभर बोललेले शब्द पहाटे विरून जातात. पण या प्रत्येकाच्या मागे एक राखणदार आहे. रांगोळी गृहिणीच्या बोटांत राहते, मूर्ती कारागिराच्या हातात, संवाद नटाच्या जिभेवर. पाटी पुसली जाते, विद्या पुसली जात नाही. त्या जपानी मुलाच्या बाबतीत दुकानातले यंत्र हेच राखणदार होते. पुसलेला खेळ उद्या पुन्हा मागितला असता मिळाला असता. म्हणून त्याचे पुसणे निर्दोष होते.

पुढे कार्ट्रिजे स्वस्त झाली, त्यांत मजकूरही अधिक मावू लागला, आणि तबकडीचे प्रयोजन संपले. २००३ साली कंपनीने पुन्हा लिहून देण्याची सेवा थांबविली. २००७ साली दुरुस्तीही थांबली. आता विचार करा. कोणाच्या फडताळात पडलेली ती तबकडी काल जशी होती तशीच आज आहे. तिच्यातला एक कणही बदललेला नाही. तरीही ती पुसण्याच्या कृतीचा अर्थ पालटला. काल जी काटकसर होती ती आज नासधूस ठरू शकते. आणि असा पालट होताना पुसणाऱ्याच्या कानावर काहीच येत नाही, ही यातली खरी अडचण होय. राखणदार गेला हे पुष्कळदा फार उशिरा कळते.

आपल्या देवळांतील कावीच्या चित्रांचे असेच झाले. ओल्या चुन्याच्या भिंतीवर तांबडा रंग देऊन तो खरवडीत काढलेली ती नक्षी एके काळी गोव्यात व कारवारकडे पुष्कळ होती. जीर्णोद्धारात कित्येक भिंतींवर चुना, रंग किंवा फरशी चढली. ज्यांनी हे पूर्वी केले त्यांस मी दोष देणार नाही. तेव्हा ती कला जाणणारे हात गावोगावी होते, आणि पुन्हा काढून घेऊ ही समजूत पोकळ नव्हती. आज ते हात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. कोणी म्हणतील, देऊळ म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे; कोकणच्या पावसात चुना टिकत नाही, आणि देवाचे घर नवे करणे हा धर्मच आहे. हे मला मान्य आहे. डिचोली महालात नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वर सोळाव्या शतकात दिवाडीहून नदीपलीकडे आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ पुन्हा उभारविले. जागा बदलली, वास्तू बदलली. परंतु देव राखणारी माणसे होती. माझे मागणे एवढेच की, भिंतीला ब्रश लावण्यापूर्वी समितीने गावात विचारावे: हे पुन्हा काढू शकेल असा कोणी आहे काय? नसेल तर निदान नक्षीचा आराखडा उतरवून घ्यावा, छायाचित्रे घ्यावीत. त्याला खर्च तो कितीसा येणार!

त्या तबकडीत आणखी एक गोष्ट असे, जी दुकानातल्या यंत्रातही नव्हती. ‘झेल्डा’ या खेळात खेळणाऱ्याचे नाव व त्याने गाठलेली मजल तिच्यावर नोंदली जाई. अशा तीन नावांना जागा होती. जुन्या बाजारात घेतलेल्या तबकडीवर एखाद्या अनोळखी मुलाचे नाव अजून निघू शकते. तो मुलगा आता पन्नाशीकडे आला असेल. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवरील नाव पुसण्याचा हक्क नव्या मालकास आहे, यात शंका नाही. मी असतो तर आधी तिसरी जागा रिकामी आहे काय ते पाहिले असते, आणि माझे नाव तेथे लिहिले असते.