पाऊल, वाहन आणि वारी

‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ नदी तरून जाण्याची जागा असा आहे. मनुष्य पोटापाण्यासाठी, व्यापारासाठी, आप्तेष्टांच्या भेटीसाठी प्रवास करतो आणि काम झाले की परततो. यात्रेकरू मात्र स्वतःमध्ये पालट घडावा म्हणून घर सोडतो. तो जसा निघाला तसाच परतला, तर केवळ अंतर कापले गेले, यात्रा घडली नाही.

‘वारी’ म्हणजे नेमाने पुन्हा पुन्हा जाणे. चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी या पंढरीच्या चार प्रमुख वाऱ्या होत. श्रीतुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यास आजची शिस्त दिली. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर असून पायी वाटचालीस अठरा ते वीस दिवस लागतात. मृगाच्या पावसावर पेरणी उरकून निघणाऱ्या शेतकऱ्यास हे दिवस मिळू शकतात. दोन दिवसांच्या रजेवर येणारा कामगार, गुडघे थकलेली आजी किंवा तान्हे मूल असलेली माता यांना ते कोठून मिळणार? अशांसाठी वाहन हा चैनीचा नव्हे, तर दर्शनाचा मार्ग ठरतो. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९०६ मध्ये पंढरपुरास पोहोचली, १९४८ मध्ये एस.टी. सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतील भाविकांना पंढरी जवळ आली. २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, २०२३ मध्ये महिलांना निम्मे भाडे लागू झाले. वेळ, वय, प्रकृती आणि गाठीचा पैसा पाहूनच मनुष्य वाहन निवडतो. त्यात कमीपणा नाही.

तरीही वाहनाने येणाऱ्याच्या मनात, आपली वारी उणी पडली, अशी खंत राहते आणि पायी येणाऱ्याच्या मनात क्वचित अभिमान डोकावतो. या दोघांनाही भक्त पुंडलिकाची कथा मार्ग दाखविते.

परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या एका कथेत पुंडलिक काशीयात्रेस निघाला तो पत्नीसह घोड्यावर बसून. त्याच वाटेने त्याचे वृद्ध मातापिता पायी चालत होते. मुक्कामी पोहोचल्यावर घोड्यांची निगाही त्या थकल्या जिवांनीच राखावी, अशी त्याची रीत होती. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याने मलिन वस्त्रांतील तीन स्त्रिया पाहिल्या. त्या गंगा, यमुना व सरस्वती होत्या. लोकांची पापे धुऊन त्यांना आलेली मलिनता ऋषींच्या आश्रमसेवेने दूर होई. आणि ते ऋषी तर मातापित्यांच्या सेवेत रमलेले, काशीस कधीही न गेलेले! पुंडलिकाचे डोळे उघडले. मातापित्यांना घेऊन तो परत फिरला आणि त्यांच्या सेवेत असा रमला की, भेटीस आलेल्या देवालाही त्याने विटेवर उभे राहावयास सांगितले.

येथे दोष घोड्याचा नव्हता. आपण स्वार होऊन थकलेल्यांना चालविले, हा दोष होता. म्हणून यात्रेस निघताना भाविकाने पहिला विचार आपल्या सोयीचा नव्हे, तर सोबतच्या सर्वांत अशक्त व्यक्तीचा करावा. म्हातारी आई चालू शकत नसेल, तर तिच्यासोबत गाडीत बसणे हीच त्या मुलाची पायी वारी होय. बसमधील आपली जागा उभ्या असलेल्या वृद्धास देणारा तरुण राउळात पोहोचण्यापूर्वीच देवाच्या जवळ गेलेला असतो. ज्याचे पाय धड आहेत व ज्याला सवड आहे, त्याने मात्र आळसापोटी वाहनाचा आश्रय घेऊ नये.

२०२० साली महामारीमुळे पायी सोहळा होऊ शकला नाही. लाखो वारकरी घरीच राहिले आणि संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरीस आल्या. इतरांच्या जिवास अपाय होऊ नये म्हणून ज्यांनी आपले पाऊल आवरले, त्यांचीही वारी त्या वर्षी श्रीचरणी रुजू झाली, असेच मानावे.

पंढरीच्या जयघोषात विठ्ठलाच्या नावाआधी पुंडलिकाचे नाव येते. काशीच्या वाटेवरून मातापित्यांसाठी मागे फिरलेल्या त्या पुत्राचे स्मरण ठेवून प्रत्येक भाविकाने घराबाहेर पाऊल टाकावे.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥