छातीवर हात ठेवून

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून वर आलात की लगेच देवळात शिरू नका. जरा कडेला बसा. खाली कुकडीचं खोरं आहे, पलीकडे शिवनेरी. तळहात छातीच्या मधोमध, किंचित डावीकडे ठेवा. धडधड जोरात आहे; इतकी चढण झाल्यावर ती असायलाच हवी. डोळे मिटा. तिला तिच्या गतीने उतरू द्या.

दिवसाकाठी असे लाखभर ठोके पडतात, तुम्ही गाढ झोपलात तरीही. तळहाताखाली मुठीएवढा स्नायू आहे, चार कप्पे आणि चार झडपांचा. त्याचं ऑपरेशन करायचं ठरलं की घरातलं जेवणखाण थांबतं, माणसं एकमेकांकडे बघत बसतात. ती भीती लोटू नका, तिच्याजवळ बसा. आत नेमकं काय करतात, हे एकेक करून मनाने पाहू.

आधी बायपास. हृदयाच्या आतून एवढं रक्त वाहतं, पण त्याच्या स्नायूला ते मिळतं बाहेरून वेढलेल्या बारीक वाहिन्यांमधून. द्राक्षबागेत ठिबकची नळी क्षाराने चोंदली की मोटर चालू असूनही पुढच्या वेलींना पाणी पोचत नाही, तसंच हे. एखाद-दुसरा अडथळा असेल तर बऱ्याचदा मनगटातून तार घालून स्टेंट बसवला की भागतं. तिन्ही मुख्य वाहिन्या चोंदल्या असतील आणि त्यात मधुमेह असेल, तर बायपास जास्त टिकाऊ. सर्जन चोंदलेली जागा साफ करत बसत नाही, तिला वळसा घालतो. त्यासाठी पायातली शीर किंवा छातीच्या आतली धमनी वापरतो. छातीचं हाड मधोमध उघडतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. त्या तारा बहुधा जन्मभर आतच राहतात. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर टोमॅटोचा क्रेट नाही, पाठीवरचा फवारणीचा पंप नाही.

एक सावकाश श्वास घ्या. आता झडपांपाशी थांबू, जरा जास्त वेळ.

पाच ते पंधरा वर्षांची एखादी मुलगी. घसा दुखला, ताप आला, गेला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरेपर्यंत घोटा. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटलेलं असतं. सांधे बरे होतात, झडप मात्र जाड होऊन आखडत जाते. पुढे तीच मुलगी सासरी हंडा उचलताना धापा टाकते, रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपते. लोक अशक्तपणा म्हणतात. मला या दुखण्याचं सर्वांत वाईट वाटतं, कारण वेळेवर पेनिसिलिन मिळालं असतं, दर तीन आठवड्यांचं इंजेक्शन चुकलं नसतं, तर बहुधा इथवर आलंच नसतं.

अशी झडप कधी फुग्याने रुंद करतात, कधी बदलतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने घडवलेली भारतीय झडप 1990 च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसाला बसवली गेली, आणि परदेशी झडप न परवडणाऱ्यांना वाट मिळाली. धातूच्या झडपेची टिकटिक शांत खोलीत शेजारच्यालाही ऐकू येते. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते. मेथी-पालकात त्या गोळीचा जोर कमी करणारं जीवनसत्त्व असतं. नारायणगावच्या बाजारात मेथीच्या जुड्यांचे ढीग लागतात, तिथल्या माणसाला मेथी सोडा कसं सांगणार? सोडायची नाही; एक दिवस भरपूर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं करायचं नाही. आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही.

या सगळ्यामागे धाडस आहे. परळच्या केईएममध्ये फेब्रुवारी 1968 मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. देशात ते यशस्वी व्हायला 1994 उजाडलं. मधली 26 वर्षं मनात धरा.

शेवटी तान्हं बाळ. दूध पिताना मध्येच थांबतं, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, छाती सारखी भरते. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असू शकतं. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठं असेल तर ठिगळ लावतात, कधीकधी त्या बाळाच्याच हृदयावरच्या आवरणाचं. त्यासाठी हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ रक्त यंत्रातून फिरतं. वेळेत झालं तर मूल शाळेत जातं, खेळतं, धावतं. फार उशीर झाला तर फुप्फुसातला दाब इतका वाढतो की छिद्र बुजवणंच धोक्याचं होऊन बसतं.

आहुप्यापासून ओतूरपर्यंत, अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासतं. त्यांनी हृदयाच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली असेल, तर कांदाकाढणी किंवा लग्नसराई होऊ द्या म्हणून ती फळीवर ठेवू नका. या कार्यक्रमात आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ही ऑपरेशनं बसतात. मुलाला घेऊन याच आठवड्यात निघा.