डेंगळ्याचा वंश

निफाडचा पारा उतरला की वर्तमानपत्रांना बातमी मिळते आणि पिंपळगाव बसवंतच्या कांदा उत्पादकाला घोर लागतो. रांगड्या कांद्याची पात वाढीला लागलेली असताना थंडी लांबली, तर रोपाच्या मधोमध एक पोकळ, फुगीर दांडा वर येतो आणि टोकाला गोंडा धरतो. हा डेंगळा. मग कांदा पोसत नाही, आत दांड्याचा कडक गाभा राहतो, चाळीत माल टिकत नाही. लिलावात व्यापाऱ्याने ट्रॉलीतून एक डेंगळा उचलून वर धरला की भाव पडलाच. डेंगळ्याचं बी धरायचं नाही, हा इथला जुना दंडक. याच गावातल्या संशोधन केंद्रात निवड करत करत एन-२-४-१ हा वाण काढला गेला आणि उन्हाळ कांद्यात त्याचं नाव झालं. तरी कडाका पडला की डेंगळे येतातच.

येणारच. कांद्याच्या बाजूने पाहिलं तर पहिल्या वर्षी गाठीत साठा करायचा आणि थंडी सोसून दुसऱ्या वर्षी त्याच साठ्यावर फुलायचं, हा त्याचा क्रम. डेंगळा दुसऱ्या वर्षीचं काम पहिल्याच वर्षी उरकतो, एवढाच त्याचा गुन्हा. शेतात आज जो सुबक, न डेंगळलेला कांदा आहे, त्याचे आईबापही कधीतरी फुलले होतेच. फुलणं समूळ काढलं तर बियाणंच संपेल. निवडीने फुलण्याची घाई तेवढी कमी करता येते.

माणसाबद्दलही आपण असंच विचारतो, की उत्क्रांतीची चाळणी लाखो वर्षं चालू आहे, तर रोग, भीती, मत्सर अजून शिल्लक कसे? या प्रश्नात बियाणं निवडणारा कुणी जाणता गृहीत धरलेला असतो. तसा कुणी नाही. पोरं किती जगली आणि त्यांना पुढे किती पोरं झाली, एवढाच हिशेब नैसर्गिक निवड ठेवते. सुख, शहाणपण, चांगुलपणा यांचे रकाने त्या वहीत नाहीत. म्हातारपणीच्या दुखण्यांचं कोडं तर इथेच सुटतं: जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५२ मध्ये दाखवलं, की अपत्यं होऊन गेल्यावर उद्भवणाऱ्या दोषावर निवडीचा हात जेमतेम पोचतो.

अवघड कोडं तरुणपणी, लहानपणीच मारणाऱ्या रोगांचं आहे. द्राक्षछाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या निफाड-दिंडोरीत उतरतात. त्या आदिवासी पट्ट्यात, तसाच नंदुरबारात नि गडचिरोलीत सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक. तो आईकडून आणि बापाकडूनही आला तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, पाठीत, छातीत असह्य कळा उठतात. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो आणि सहसा धडधाकट जगतो. वर एक बक्षीस मिळतं: जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण. मलेरिया आणि रक्तदोष यांचा असा संबंध असावा, हे जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये सुचवलं; पुढे ते भारतात येऊन इथलेच नागरिक झाले. सिकलसेलबाबतचा पुरावा अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतून दिला.

हिशेब मांडून पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. एका मुलखात १२१ मुलं जन्मली: १०० साधी, २० वाहक, १ आजारी. आजारी मूल गेलं. मलेरियाने साध्यांतली १० नेली. आता जनुकं मोजा. सिकलची होती २२, गेली २. साधी होती २२०, गेली २०. दोन्हीकडून नेमका अकरावा हिस्सा गेला, प्रमाण तसूभर हललं नाही. ते एक मूल दर पिढीला मरत राहणार, आणि ज्याला आपण निर्दय चाळणी म्हणतो तीच ते जनुक जपून ठेवणार. उत्क्रांतीच्या पुस्तकात मला याहून कठोर पान सापडलेलं नाही.

भीती-चिंतेचं गणित याच जातीचं, पण त्यात जनुकं इतकी की बोट ठेवायला जागा नाही. आभाळ भरून आलं की द्राक्षबागाईतदार डाऊनी या रोगावरची फवारणी घेतो. दहांतल्या नऊ वेळा ती वाया जात असेल, पण एकदा चुकली तर अख्खी बाग जाते. मन तसंच फुकटच्या फवारण्या मारत असतं. रँडॉल्फ नेसी या मनोविकारतज्ज्ञाचं म्हणणं साधारण हेच आहे. मला ते पटतं. मात्र मत्सरापासून भक्तीपर्यंत प्रत्येक स्वभावाला असा जुना फायदा चिकटवणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. काही गोष्टी नुसत्याच उरतात.

माणसातले डेंगळे उपटायलाही लोक निघाले होते. १९३३ च्या जर्मन कायद्याने सुमारे ४ लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली. त्यातलं क्रौर्य सांगायला नको, पण गणितही कच्चं होतं. दोन्हीकडून आल्याशिवाय न दिसणारं जनुक शेकडा १ असेल, तर १०,००० माणसांत आजारी १ आणि वाहक १९८. सगळे आजारी निर्वंश केले तरी जनुकाचं प्रमाण निम्म्यावर यायला १०० पिढ्या, म्हणजे अडीच हजार वर्षं लागतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, मुदत २०४७. रक्त तपासायचं, कार्ड द्यायचं, वाहकाने वाहकाशी लग्न करण्याआधी विचार करावा म्हणून समजवायचं. मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. त्या कळा ज्याने पाहिल्या असतील तो दुसरं काय म्हणेल? पण सल्ला सर्वांनी तंतोतंत पाळला असं धरा. आजारी मूल जन्मणार नाही, म्हणजे त्याच्याबरोबर दर पिढीला जी दोन जनुकं गळत होती तीही गळायची थांबतील. वाहकांची निम्मी मुलं वाहक, त्यांची पुन्हा निम्मी. मलेरिया हटला तरी जनुक आहे त्याच प्रमाणात चालत राहील, आणि या वेळी ते राखणारे आपण असू.