उशाशी बसणाऱ्यांचा शब्द

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर दोन जुनी रुग्णालये आहेत. केईएम माणसांचे, तर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे. असाध्य दुखणी दोन्हीकडे येतात आणि दोन्हीकडे बाकांवर काळजीने काळवंडलेली माणसे बसलेली असतात. पण डॉक्टरांनी हात टेकल्यावर पुढे काय करायचे, याचे उत्तर दोन फाटकांआड वेगळे आहे. जनावरांचे डॉक्टर म्हणू शकतात, ‘‘आता त्याला झोपवू या.’’ माणसांच्या डॉक्टरांना हे म्हणता येत नाही. एका फाटकाआड जी दया ठरते, तीच दुसऱ्या फाटकाआड गुन्हा का व्हावी?

माणसाचा जीव अधिक मोलाचा, हे उत्तर नेहमी दिले जाते. त्याने माझे समाधान होत नाही. जीव अधिक मोलाचा असेल तर त्याच्या वेदनेचे मोलही अधिकच धरायला हवे. मग माणसालाच अधिक काळ कण्हत का ठेवायचे? उत्तर दुसरीकडे शोधावे लागते, आणि ते शोधताना केईएममधल्या एका खोलीपाशी थांबावे लागते.

अरुणा शानबाग कर्नाटकातल्या हळदीपूरहून मुंबईत परिचारिका व्हायला आली होती. केईएममध्ये कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग होत, त्या प्रयोगशाळेत तिचे काम असे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्रे बांधायच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. तेव्हा ती २५ वर्षांची होती. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे ती त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती. तिला सांभाळणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. तिच्यावर हल्ला झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुलींनी तिला घास भरवले, तिची कूस बदलली, केस कापले, अंग पुसले. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला एकही शय्याव्रण झाला नाही. घरातला आजारी माणूस ज्यांनी महिनाभर जरी अंथरुणावर सांभाळला असेल, त्यांना या एका वाक्यामागचे कष्ट कळतील.

तिला या अवस्थेतून सोडवावे, तिला जबरदस्तीने भरवणे थांबवावे, म्हणून लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी ती फेटाळली. त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट देशात पहिल्यांदा मोकळी केली, म्हणून तो गाजला. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाचा, हे न्यायालयाने ठरवले. तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या, तिच्यासाठी कळवळणाऱ्या लेखिकेपेक्षा तो अधिकार तिची रोज सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालय म्हणाले. आणि ते कर्मचारी सांगत होते, तिला जगू द्या, आम्ही आहोत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली, तेव्हाही ती त्यांच्याच हातात होती.

विराणींचा प्रश्न चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मायाही कधी डोळ्यांवर झापड आणते. परिचारिकांना ती हवी होती म्हणून तिला राहावे लागले का, ही शंका आजही मनातून जात नाही. पण परक्याची कळकळ आणि सेवेकऱ्याचा अनुभव यांपैकी एकावर भरवसा ठेवायची वेळ आली, तर मी सेवेकऱ्याच्या बाजूने उभा राहीन.

पण शुश्रूषा करणाऱ्यालाही कधी मरणाचा निर्णय घ्यावा लागतो. साबरमती आश्रमात १९२८ साली एक वासरू असे दुखणाईत झाले की त्याला कूस वळवणेही शक्य होईना. आश्रमीयांनी शुश्रूषा केली, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवले; उपाय उरला नव्हता. गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा केली. जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे काहींनी सांगितले. गांधीजींनी ते ऐकून घेतले आणि शेवटी डॉक्टरांना बोलावून, स्वतः समोर उभे राहून वासराला सुई देवविली. दोन मिनिटांच्या आत सारे संपले. त्यांनी हे लपवले नाही, ‘नवजीवन’मध्ये सविस्तर लिहिले. त्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. अहिंसेच्या प्रवक्त्याने गाईचे वासरू मारले, याहून मोठा आघात त्या काळच्या भाविक मनावर कोणता होणार?

त्या लेखाचा दुसरा भाग फारसा कोणी आठवत नाही. आश्रमाच्या पिकात आणि फळझाडांत माकडे शिरत होती. त्यांचे काय करायचे, याचीही चर्चा गांधीजींनी तिथेच केली आणि माकडांना मारणे ही हिंसाच ठरेल असे लिहिले. वासराला मारण्यात आपला काडीचाही लाभ नव्हता. माकडांना मारण्यात आपले पीक वाचत होते. मरण देणाऱ्याचा हात किती निःस्वार्थ आहे, यावर त्यांनी सारे तोलले. मला या विषयात याहून खरी कसोटी सापडलेली नाही.

ही कसोटी आपल्या अंगणात लावून पाहा. गावाकडे गाय बसली, म्हणजे पुन्हा उठेनाशी झाली, की घर हवालदिल होते. तिला उलटसुलट करायला चार माणसे लागतात, खाली गवताचा जाड थर लागतो, जखमांत किडे पडू नयेत म्हणून राखण लागते. जो शेतकरी हे सारे करतो आणि तरीही ती तडफडताना पाहून पशुवैद्याला ‘आता सोडवा’ म्हणतो, त्याला कोणी पापी म्हणू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही हे ओळखतो: ज्या जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल, त्याचा शेवट करण्याची तरतूद त्यात आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीच्या नियमांत तर असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यासमोर झोपवू नये, असेही लिहिले आहे. कोणा सरकारी कागदात इतकी कोवळी ओळ सहसा भेटत नाही.

पण शहरातल्या पशुवैद्यांना विचारा. म्हातारा कुत्रा घरात लघवी करतो, नव्या फ्लॅटमध्ये परवानगी नाही, मुलगी परदेशी निघाली, सांभाळायला कोणी नाही, अशा कारणांनीही लोक ‘झोपवा’ म्हणत येतात. ही माकडांचीच गोष्ट आहे, वासराची नाही. त्या जनावराचे दुखणे असाध्य नाही. आपली सोय तेवढी बिघडली आहे. ज्या पशुवैद्यांनी अशांना परत पाठवले असेल, त्यांना माझा नमस्कार. आणि खरोखरच वेळ आली असेल तर कुत्र्याचा पट्टा डॉक्टरांच्या हाती देऊन बाहेर जाऊ नका. तेरा-चौदा वर्षे ज्याने तुमची वाट पाहिली, त्याला शेवटच्या मिनिटाला तुमचा हात डोक्यावर हवा असतो.

आता माणसाकडे येऊ. ‘‘त्यांचे हाल बघवत नाहीत हो,’’ असे आपण किती घरांत ऐकतो. म्हणणाऱ्याचे दुःख खोटे नसते. पण पुढचा प्रश्न विचारावाच लागतो की संपवायचे आहे ते कोणाचे दुःख, आजाऱ्याचे की बघणाऱ्याचे? दोन खोल्यांचे घर, एक कमावता, सुनेची नोकरी, आयसीयूचे वाढते बिल. अशा घरात मरणाची सुई कायद्याने उपलब्ध झाली, तर अंथरुणावरची म्हातारी ती मागेलच. तिला मरायचे असेल म्हणून नव्हे, तर आपण ओझे झालो आहोत हे तिला कळते म्हणून. वासराला आपल्या खर्चाची लाज वाटत नव्हती, आजीला वाटते. दोन फाटकांतला खरा फरक मला इथे दिसतो आणि म्हणूनच माणसाला सुई देऊन मारण्याला माझा विरोध आहे.

हा विरोध करणाऱ्याने मग वेदनेची जबाबदारीही घेतली पाहिजे. वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, देशातले पहिले हॉस्पिस. बरा न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला तिथे वेदनामुक्त आणि स्वच्छ ठेवतात, त्याच्याशी बोलतात. वेदनेवर मॉर्फिनसारखे उत्तम औषध आहे, पण अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याने ते डॉक्टरांच्या हातातूनही दूर नेले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली, तरी जिल्ह्याच्या गावी, तालुक्याच्या इस्पितळात ते मिळवताना नातेवाइकांची दमछाक होते. वेदना थांबवायची सोय न करता ‘मरण मागू नका’ म्हणणे ही निर्दयता आहे. ती आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत.

आणि माणसाला बोलता येते, हे विसरून कसे चालेल? नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी औषध, अन्न आणि पाणी सोडले. १५ नोव्हेंबरला ते गेले. कोणी त्यांना मारले नाही आणि कोणी यंत्रांना जखडून ठेवलेही नाही; शुद्धीवर असलेल्या माणसाचा निर्णय आश्रमाने मानला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार जगण्याच्या अधिकारातच आहे असे ठरवले, तेव्हा असा निर्णय आधी लिहून ठेवायची सोय साध्या माणसालाही झाली. पहिली पद्धत किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सुटसुटीत केली. गोव्यात २०२४ साली न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपले असे वैद्यकीय इच्छापत्र सर्वांत आधी नोंदवले. कायदा जाणणारा माणूस स्वतःसाठी काय करतो, हे त्यावरून दिसते.

तुम्हीही ते करा. कागदावर लिहा, बरे होण्याची आशा संपल्यावर व्हेंटिलेटर नको असेल तर नको म्हणा, शक्य ते सर्व करावे असे वाटत असेल तर तेही लिहा. आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावे घाला. वारस कोण हे न पाहता, तुमच्या उशाशी खरोखर कोण बसेल हे पाहून ती नावे निवडा. दोन साक्षीदारांसमोर सही करा, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या, एक प्रत घरच्यांना आणि एक नेहमीच्या डॉक्टरांना द्या. मुंबईत महापालिकेने अशी इच्छापत्रे सांभाळण्यासाठी अधिकारी नेमले आहेत. तुमच्या शहरात ते नेमले नसतील तर नेमावेत, म्हणून आपल्या नगरसेवकाला पत्र लिहा. आणि घरात कोणी म्हातारे असतील, तर त्यांच्यावतीने काही ठरवण्याआधी आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून त्यांनाच विचारा.